नातवंडं पहिल्यांदाच एकटी राहायला येतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: "माझं वय ६१. रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवर घर आहे. मुलगी-जावई ठाण्याला असतात. या मे महिन्यात त्यांची दोन्ही मुलं, नातू सात वर्षांचा आणि नात चार वर्षांची, आईबाबांशिवाय पहिल्यांदाच आठ दिवस माझ्याकडे राहायला येणार आहेत. आनंद पोटात मावत नाही, पण धाकधूकही आहे. धाकटी रात्री आईसाठी रडली तर? दिवसभर मोबाइलशिवाय त्यांना रमवायचं कसं? बाहेर खेळायला सोडायचं तर विहीर, विंचू-काट्याची भीती. माझे गुडघेही दुखतात. काय काय तयारी करू?"

ताई, मी चिपळूण तालुक्यात ३१ वर्षं बालवाडी चालवली. आता मला पाच नातवंडं आहेत आणि दर मे महिन्यात त्यातली दोन-तीन तरी माझ्याकडे असतात. बालवाडीत मूल तीन तास असायचं आणि मग आईच्या कडेवर घरी जायचं. राहायला आलेलं मूल संध्याकाळीही आपल्याकडेच असतं. खरी परीक्षा तिथेच आहे, म्हणून तुमच्या प्रश्नातल्या रात्रीपासूनच सुरुवात करते.

धाकटी दिवसभर आईची आठवणही काढणार नाही. दिवेलागणीला काढेल. उजेड कमी झाला, खेळ मोडला, बाकीची पोरं आपापल्या घरी गेली की मुलाला एकदम कळतं की आपण आपल्या घरी नाही. त्या अर्ध्या तासात तुम्ही स्वयंपाकघरात असू नका. भात आधीच लावून ठेवा. हातपाय धुऊन द्या, देवापाशी दिवा तिलाच लावू दे (काडी तुम्ही ओढा, वातीला हात तिचा लागू दे), शुभंकरोति म्हणा आणि लगेच जेवायला बसवा. मऊ भात, तूप, मेतकूट. पहिल्या रात्री नवा पदार्थ करू नका. घावणे, सांदणं पुढे आहेतच.

माझी चूक सांगते. थोरल्या मुलाची धाकटी चार वर्षांची असताना अशीच पहिल्यांदा राहिली. रात्री अकराला उठून रडायला लागली. मला वाटलं, आईचा चेहरा दिसला की शांत होईल, म्हणून व्हिडिओ कॉल लावला. आई दिसते पण हाताला लागत नाही, हे तिला सहनच झालं नाही. हुंदके थांबेनात, तिकडे सूनही रडायला लागली आणि मुलगा रात्रीच गाडी काढायच्या गोष्टी करू लागला. शेवटी फोन ठेवला आणि पोरीला घेऊन पडवीत झोपाळ्यावर बसले. वीजही गेलेली होती. ती एकदम दचकून म्हणाली, "आजी, ते काय वाजलं?" सुपारीची झाप, म्हणजे झावळी, गळून पडली होती. तसं सांगितलं. मग पुन्हा, "आणि हे?" रातकिडे. "आणि हे?" शेजारच्या गोठ्यात गाय मान हलवत होती, तिची घंटा. पाल चुकचुकली, लांब कुठेतरी पिंगळा ओरडला. एकेका आवाजाला नाव मिळत गेलं तसं तिचं अंग सैल पडत गेलं. माझ्या मांडीवर ती कधी झोपली ते कळलं नाही. दुसऱ्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तीच मला सांगत होती, "आजी, घाबरू नको, झाप पडली."

तेव्हा मला उमगलं की शहरातलं मूल आईसाठी जितकं रडतं तितकंच अनोळखी अंधारासाठीही रडतं. त्यांच्या घरी रात्रभर रस्त्यावरचा उजेड असतो, लिफ्टचा, गाड्यांचा आवाज असतो. म्हणून आता नवीन मूल आलं की त्याला घर दाखवते ते रात्रीच्या हिशेबाने. दुपारीच हात धरून अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत, संडासापर्यंत चालवून आणते. इथे उंबरा आहे, इथे पायरी आहे, बटण इथे. प्रत्येकाच्या उशाशी त्याची स्वतःची छोटी बॅटरी ठेवते. ती त्यांनी हवी तितकी लावावी, सेल संपले तर संपू देत. आवाज कुठून येतात तेही उजेडी दाखवून ठेवते: ही सुपारी, ही झाप, ही गाय, हा पत्रा वाऱ्याने वाजतो.

मुलीला सांगा, स्वतःची वापरलेली, न धुतलेली ओढणी बॅगेत घाल. ती धाकटीच्या उशीला गुंडाळा. आईचा वास हा मोठा आधार असतो, बालवाडीतही मी तो पुष्कळ वेळा वापरला आहे. फोन रोज करा, पण दुपारी चारच्या सुमारास, चहाच्या वेळी. झोपायच्या आधी नको. आणि मुलीला हेही आधीच सांगून ठेवा की पहिल्या रात्री रडण्याचा फोन आला तर गाडी काढायची नाही. दुसऱ्या रात्री बहुतेक मुलं झोपतात. दोन-तीन रात्री झाल्या, मूल जेवेना, दिवसाही कोपऱ्यात बसून राहिलं, तर मात्र हट्ट धरू नका. आईला बोलावून घ्या. यात कुणाचीही हार नाही. पुढच्या वर्षी ते मूल पुन्हा येईल.

आठ दिवस म्हणजे किती, हे चार वर्षांच्या मुलीला कळत नाही. पितळी वाटीत आठ चिंचोके ठेवा. रोज सकाळी उठल्यावर एक चिंचोका तिने वाटीतून काढून डब्यात टाकायचा. वाटी रिकामी झाली की आई येणार. तिला हाताने मोजता येतं, डोळ्यांनी दिसतं, मग "आई कधी येणार" हा प्रश्न दिवसातून वीसदा येत नाही.

अंथरूण ओलं होण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते होईल असं धरून चाला. घरी वर्षभर कोरडं झोपणारं मूलही नव्या जागी करतं, सात वर्षांचंही करतं. गोधडीखाली प्लास्टिक घाला, एक जादा वाकळ जवळ ठेवा. सकाळी इतर कोणी उठायच्या आत उचलून धुवायला टाका आणि त्यावर एक अक्षर बोलू नका. मुलीला सांगायचं तर मुलांच्या माघारी सांगा. नातवाची लाज आपण राखली की तो जन्मभर विसरत नाही.

आता दिवस. इथे माझं ठाम मत आहे: मुलांना रमवायचा कार्यक्रम आखू नका. सकाळी हे, दुपारी ते, संध्याकाळी समुद्रावर, उद्या देवळात, असं वेळापत्रक केलंत तर तिसऱ्या दिवशी तुम्ही आडव्या पडाल आणि मुलं "आता काय?" म्हणून तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. जेवणाची आणि झोपेची वेळ घट्ट धरा, बाकी दिवस खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, हवाली करा. तुम्ही तुमचं रोजचं काम त्यांच्या नजरेसमोर करत बसा.

आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कामाबद्दल सांगत. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढलेलं ते काम. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर मग शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. महागड्या साहित्याऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं वापरली. मी आयुष्यभर तेच केलं आणि आजी झाल्यावरही तेच करते. तुमच्याकडे खेळणी नाहीत म्हणून मुळीच खंत करू नका. वाडीवर जे पडलंय ते कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

मे महिना म्हणजे रातांबे, कोकमाची फळं. टोपली पुढ्यात घ्या आणि फोडायला बसा. पहिल्या दिवशी नातू "बोअर होतंय" म्हणेल. त्यावर काही बोलू नका, हात चालू ठेवा. लालभडक साल उघडली की आत पांढऱ्या गराच्या बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. तो वाकून बघेल. मग बोट घालेल. मग चाखेल, तोंड वाकडं करेल आणि पुन्हा चाखेल. फोडायचं काम तुमचं, बिया वेगळ्या करायचं काम त्याचं. धाकटीला सालं सुपात मांडायला द्या. हात लालगुलाबी होतात, ते आरशात तोंडाला लावून बघतात. कपडे जुनेच घाला, डाग जात नाही. सालं रसात बुडवून पुन्हा उन्हात घालायची असतात, तेही रोज त्यांच्याकडूनच करून घ्या. उन्हात काय कसं बदलतं ते मूल रोज जाऊन बघतं. माझा सात वर्षांचा नातू सकाळी दात घासायच्या आधी आमसुलं बघून यायचा.

करवंदांना सकाळी सातला निघा, ऊन चढायच्या आत परत. पायात बूट, हातात काठी, पुढे तुम्ही. करवंद तोडून अर्धं चावायचं आणि आत बघायचं: लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हा खेळ मी माझ्या आजीबरोबर खेळले आहे. कोणाचे कोंबडे जास्त, यावर तास निघतो आणि पोटही भरतं. चीक ओठांना चिकटतो, तेवढं खोबरेल लावा.

संध्याकाळी साडेचारनंतर वाडीतली पोरं आपोआप जमतात. लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत, लंगडी, पोरांना शिकवावं लागत नाही. तुम्ही फक्त एकाला सांगा, "याला पहिला डाव कच्चा लिंबू घ्या." धाकटी तर आठही दिवस कच्चा लिंबूच राहील आणि खूष राहील. एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. इंग्रजी शाळेतल्या नातवाच्या मराठीवर पोरं हसतात, मोठी माणसंही हसतात. तुम्ही हसू नका, सारखं सुधारूही नका. गडगा, पाणंद, झाप, रहाट हे शब्द तो काम करता करता उचलेल. मुलं शब्द वापरायला लागली की ऐकतच राहावंसं वाटतं.

गुडघ्यांचं म्हणता, तर मुलांच्या मागे पळायचंच नाही. बालवाडीत मी पहिली दोन वर्षं पळत होते, मग शिकले. आपण खळ्याच्या कडेला, जिथून सगळं दिसतं अशा एकाच जागी बसायचं, हातात निवडण-टिपण घ्यायचं. आजी कुठे आहे हे मुलाला मान वर न करता माहीत असलं की ते लांब जातं आणि परत येतं. वाडीतली चौदा-पंधरा वर्षांची एखादी जबाबदार मुलगी संध्याकाळचे दोन तास बरोबर असेल तर फारच बरं. दुपारी दीड ते साडेतीन निजानीज. मुलं झोपली नाहीत तरी चालेल, पण खोलीत अंधार, आवाज हळू, आणि तुमची पाठ टेकलेली. "आजीचे गुडघे दुखतात, आता तिला झोपायचंय" हे सरळ सांगावं. मुलं समजून घेतात, माझी धाकटी तर पायावर तेल चोळायला बसते.

झाडावर चढण्याचा नियम एकच: जेवढं स्वतः चढता येईल तेवढंच चढायचं, मी उचलून फांदीवर बसवणार नाही. स्वतः चढलेलं मूल बहुधा स्वतः उतरतं. "पडशील, पडशील" असं खालून ओरडू नका, त्याने लक्ष विचलित होतं. "पाय कुठे ठेवणार आता?" एवढंच विचारा. झोपाळ्याचा दोर गेल्या वर्षीचा असेल तर आधी मोठ्या माणसाला बसवून बघा.

भीतीच्या गोष्टींची तयारी मुलं यायच्या आधीच करा, म्हणजे ती आल्यावर दिवसभर "नको, नको" करावं लागत नाही. विहिरीवर जाळी नसेल तर या आठवड्यात बसवून घ्या. मी बरोबर असल्याशिवाय विहिरीकडे जायचं नाही, या नियमाला सूट नाही. पण विहिरीइतकीच भीती न्हाणीतल्या भरलेल्या टबाची आणि हौदाची धरा, लहान मूल थोड्या पाण्यातही बुडतं. तुमच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या उशाशी किंवा देवघरात ठेवू नका. त्या कपाटात, कुलपात. रॉकेल, फिनेल पाण्याच्या बाटलीत भरलेलं असेल तर आजच काढा. शेंगदाणे, फुटाणे, जांभळाच्या बिया धाकटीच्या हाती देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. वाटीतले चिंचोकेही एरवी उंचावर ठेवा, तिच्या हाती सकाळी तुमच्यासमोर एकच. गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला सुंदर, मुलं माळा करायला गोळा करतात, पण त्या विषारी असतात. ओल्या काजूबियांना हात लावू द्यायचा नाही, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. खाजकुइलीच्या शेंगा कुठे आहेत ते दाखवून ठेवा. वळीव गडगडायला लागला की झाडाखालून थेट घरात.

रात्री अंगणात झोपायचा हट्ट करतील. आमच्या लहानपणी आम्ही झोपायचो, पण मी आता झोपवत नाही. मण्यार हा विषारी साप; ती रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर पुष्कळदा कळतही नाही. खाटेवर, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून झोपवा. चांदण्या नऊपर्यंत बघू देत, मग आत. बूट-चपला रोज झटकून घालायची सवय पहिल्याच दिवशी लावा, त्याचा खेळ करा. लाल विंचू चावला आणि नुसता ठणका नसून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर एक क्षण घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी याच विंचवावर आयुष्यभर काम केलं आणि प्राझोसिन हे औषध वेळेत दिलं तर जीव वाचतो हे दाखवलं. मुलांच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही बघू नका, विंचू चावला की दवाखाना गाठा. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं-चोखायचं नाही, मुलाला चालवायचं नाही. हात-पाय हलू न देता न्यायचं. तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात विंचवाचं औषध आणि सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे आत्ताच विचारून या. १०८ ची गाडी येते, पण वाडीपर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून शेजारी कोणाची गाडी आहे ते ठरवून ठेवा. ३१ वर्षांत मला दोनदाच धावावं लागलं, दोन्ही मुलं बरी झाली. पण दोन्ही वेळा कुठे जायचं ते आधी माहीत होतं.

मोबाइलचं फार अवघड करू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तीन तास तरी हालचाल, दहा ते तेरा तास झोप आणि स्क्रीन जास्तीत जास्त एक तास, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. वाडीवर पहिल्या दोन गोष्टी झाल्या की तिसरीला वेळच उरत नाही. दुपारी ऊन असताना अर्धा तास बघितलं तर बघू दे. मात्र आपला स्वतःचा फोन कोनाड्यात ठेवा. आजी फोनवर आणि नातवंडांना बंदी, हे चालत नाही.

मुलीकडून एका कागदावर लिहून घ्या: कशाची अ‍ॅलर्जी आहे, तापाचं औषध किती मिली, डॉक्टरांचा नंबर. तिचे नियम शक्य तितके पाळा. "तुझी आई तुला हे देत नाही वाटतं?" असं एकदाही म्हणू नका. "आजी जास्त आवडते की आई?" हा प्रश्न तर कोणी पाहुण्याने विचारला तरी तोडून टाका. लहान जीव उगाच दोन्हीकडे ओढला जातो. आणि भरवण्याचा आग्रह नको. खेळून आलेलं मूल आपण होऊन ताट मागतं.

तुम्ही लिहिलंत की आनंद पोटात मावत नाही. मला अगदी कळतं. सारवलेल्या खळ्यात सकाळी ओली पावलं उमटलेली दिसतात, दोरीवर एवढ्या-एवढ्या चड्ड्या वाळत असतात, झोपेतला पाय आपल्या पोटावर येऊन पडतो आणि तो बाजूला करवत नाही. आपल्या मुलांच्या लहानपणी आपण इतक्या कामात असायचो की हे डोळे भरून बघायचं राहूनच गेलं. मी बालवाडीतून घरी येऊन स्वतःच्या पोरांना पटपट जेवू घालून झोपवायची. आता मला घाई नाही. नातीला चप्पल स्वतः घालायला दहा मिनिटं लागतात, मी दहा मिनिटं उभी राहते. ताई, तुम्हीही उभ्या राहा.

महिनाअखेरीस येणार असतील तर एका रात्री जेवणानंतर त्यांना पाणंदीपर्यंत न्या. पावसाच्या तोंडावर काजवे निघतात. बॅटऱ्या बंद करायला सांगा आणि दोन मिनिटं गप्प उभं राहायला लावा. पकडायला द्यायचे नाहीत, नुसते बघायचे.

निघायच्या आदल्या दिवशी दोघांनी वाळवलेली आमसुलं दोन वेगळ्या पुड्यांत बांधा, वर नावं त्यांच्याच हाताने लिहू देत. धाकटीला नाव लिहिता येत नसेल तर चित्र चालेल. वाटीतला शेवटचा चिंचोका तिला मागितला तर बरोबर देऊ नका, डब्यात तुमच्याकडेच ठेवा आणि तिला सांगा की पुढच्या मे महिन्यात तो इथेच असेल. माझ्या डब्यात असे चार आहेत.

आणि बॅटऱ्यांचे सेल आजच आणून ठेवा, ऐन वेळी वाडीवरच्या दुकानात मिळत नाहीत.